‘मोजलंय कुणी?’ : अंथरुणाला लागलेल्या माणसाचं करणाऱ्याची विचारपूस कशी करावी

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या तात्यांना, म्हणजे वडिलांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लातूरला अठरा दिवस दवाखान्यात काढून त्यांना गावी आणलं, औसा तालुक्यात. तिथून पुढं साडेतीन वर्षं त्यांचं सगळं वहिनींनी, म्हणजे थोरल्या भावाच्या, दादाच्या बायकोनं केलं. मी लातूरला नोकरीला. दर रविवारी डायपरचा पुडा अन् किलोभर सफरचंदं घेऊन जायचो, तात्यांच्या उशाशी बसायचो, "हातापायाची हालचाल जरा जास्त करत जा" असा सल्ला द्यायचो आणि जेवण करून परत फिरायचो. जेवायलाही वहिनीच वाढायच्या.

२०२१ च्या श्रावणात तात्यांना खाटेवरून खुर्चीत घेताना वहिनींना चक्कर आली. दोघंही खाली, वहिनी तात्यांच्या अंगाखाली. दवाखान्यात त्यांचं बीपी १९० वर निघालं. कधीपासून होतं, कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रात्रीतून किती वेळा उठता?" वहिनी म्हणाल्या, "मोजलंय कुणी?"

मी अकरा दिवसांची रजा टाकली आणि वहिनींच्या जागी उभा राहिलो. त्या अकरा दिवसांत एक वही भरली. नंतर भावकीतल्या, शेजारच्या चार-पाच घरांत तीच वही घेऊन बसलो, तेव्हा कामाची एक रीत बसत गेली. ती इथं लिहितोय. घरात नुकतंच कुणी अंथरुणाला लागलं असेल तर वाचा. आणि तुम्ही माझ्यासारखे रविवारचे पाहुणे असाल तर नक्की वाचा.

सरकारी कागदांत ‘काळजीवाहक’ असा शब्द सापडतो. आपल्याकडं तो कुणी बोलत नाही. ‘म्हातारीचं कोण करतं?’ असंच विचारतात. म्हणून मीही खाली ‘करणारी’ म्हणतोय, कारण मी पाहिलेल्या घरांत एक सोडून सगळीकडं ती सून, बायको नाहीतर लेक होती. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनं करणाऱ्याला स्वतःच्या गरजांची वेगळी तपासणी मागायचा हक्क दिलाय. केरळात ‘आश्वासकिरणम’ योजनेतून अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरवलेले आहेत. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे, पण त्या नावाची रक्कम आमच्या भागात कुणाच्या हातात पडलेली मी अजून पाहिली नाही. तेव्हा ही तपासणी घरच्यांनीच करायची आहे.

लागणारं सामान

दोनशे पानी वही, बीपी मोजायचं मशीन (दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको), एक घड्याळ, आणि घरातल्या सगळ्या कर्त्या माणसांचा एका दिवशी एकत्र मिळणारा तासभर. शेवटची वस्तू सगळ्यांत अवघड.

१. आधी एक रात्र स्वतः थांबा

विचारण्याच्या आधी बघा. करणारीला दुसऱ्या खोलीत, शेजारी, जमलं तर माहेरी झोपायला पाठवा आणि तिच्या जागेवर तुम्ही झोपा. "काही लागलं तर हाक मारतो" म्हणू नका. तसं म्हटलं की ती झोपत नाही, कान तिकडंच ठेवते.

माझी पहिली रात्र अशी गेली. साडेअकराला चादर ओली. एक वाजता कूस बदलली. दोनला तात्या नुसतेच कण्हत होते, काय हवंय कळेना. पाच-सात मिनिटांनी कळलं की दुमडलेला हात अंगाखाली अडकलाय. पावणेचारला खोकला, पाठ उचलून बसवलं. पाचला पुन्हा चादर. सकाळी सहाला दूधवाला आला तेव्हा मला माझं नाव नीट आठवत नव्हतं. वहिनी याच्यावर भाकरी थापून, रानात डबा पाठवून, पोरांना शाळेत घालायच्या.

त्या रात्री आणखी एक लक्षात आलं. तात्या सुतळीच्या बाजेवर होते. बाज मधे खोल जाते, त्यामुळं कूस बदलताना माणूस खड्ड्यातून उपसल्यासारखा ओढावा लागतो. आणि ती इतकी बुटकी की प्रत्येक वेळी कमरेतून पूर्ण वाकावं लागतं. दुसऱ्या दिवशी फळ्यांची लाकडी कॉट आणली. तिच्या चारी पायांखाली विटा घालून तिची उंची चाकाच्या खुर्चीच्या बैठकीएवढी केली. विटा हलू नयेत म्हणून त्यांना सिमेंट लावलं. खर्च म्हणावा तर नाहीच. दोन वर्षं आम्ही कुणी हे केलं नव्हतं, कारण वाकणारी कंबर आमची नव्हती.

२. चोवीस तासांची वही

पानावर चार रकाने आखा: वेळ, काम, किती मिनिटं, आणि ‘हे दुसरं कोण करू शकतं?’. तीन दिवस लिहा. एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि एक पाणी येण्याचा दिवस. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, उन्हाळ्यात टँकर. त्या दिवशी करणारीचं सगळं वेळापत्रक मोडतं, म्हणून तो दिवस सोडायचा नाही.

आमच्या वहीतलं एक पान थोडक्यात:

पहाटे ५:०० – लंगोट-चादर बदलणं, पुसून घेणं – २५ मिनिटं – (कोण? रिकामं)
५:३० – चादरी भिजवणं, धुणं – ३० – (रिकामं)
७:३० – मऊ भात भरवणं – ४५ – ‘आई’
९:०० – आंघोळ – ४० – ‘दादा’
९:४५ – हातापायाचे व्यायाम – २० – ‘पोरगा, सुट्टीला’

भरवायला पाऊण तास लागतो हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही ‘तात्यांचं जेवण’ म्हणजे ताट वाढण्याएवढं काम समजत होतो.

पाण्याचा वेगळा हिशोब ठेवा. आमच्या घरात दिवसाला सोळा बादल्या लागत होत्या, त्यातल्या सात तात्यांच्या अंथरुणामागं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ‘रोज दोनदा चादर बदला’ असा सल्ला देताना बादल्याही मोजाव्यात. आम्ही चादरीखाली मेणकापड आणि वर जुन्या लुगड्याच्या चार पदरी घड्या घालायला लागलो. अख्ख्या चादरीऐवजी घडी धुवायची. तीन बादल्या वाचल्या.

एक धोका सांगतो. ही वही करणारीच्या हातात देऊ नका. तिच्यासाठी ते आणखी एक काम होतं आणि ती चार ओळी लिहून सोडून देते. शाळेतलं पोरगं, कॉलेजची पुतणी, तुम्ही स्वतः, कुणीही लिहा. तिनं फक्त बोलावं.

३. मग विचारा, पण जागा बघून

आजाऱ्यासमोर विचारू नका. सासूसमोर, नवऱ्यासमोर तर नाहीच. उंबऱ्यात उभं राहून "काही त्रास नाही ना?" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "मला काय झालंय भावजी, तात्याचं बगा." घरातल्या कुणी बाईमाणसानं विचारलं तर बरं. आमच्याकडं आक्का उदगीरहून आली. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हा आता लेकीबाळींना येण्याची तेवढी तरी सबब उरलेली नाही. दोघी रानातल्या विहिरीवर धुणं घेऊन गेल्या आणि तिथं बोलल्या. हात कामात असले की तोंड मोकळं होतं.

या कामासाठी जगभर वापरतात अशी एक प्रश्नावली आहे, झरीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडलेली. आजच्या प्रचलित रूपात तिच्यात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, सगळे मिळून ८८. मानसोपचार विभागात ती मिळते. घरात मात्र गुणांपेक्षा सरळ प्रश्न बरे पडतात. आक्कानं हे विचारले:

- काल रात्री सलग किती वेळ झोप लागली?
- माहेरी शेवटचं कधी जाऊन राहिलीस?
- कोणतं दुखणं अंगावर काढतेस?
- सगळ्यांत नकोसं काम कोणतं?
- कुणाचं बोलणं मनाला लागतं?
- उद्या तू दोन दिवस पडलीस तर कोण करेल, आणि त्याला काय काय येतं?
- राग आला की काय करतेस?
- असंच अजून किती दिवस रेटता येईल?

‘नकोसं काम’ या प्रश्नाचं उत्तर ऐकून आम्ही गप्प झालो. आम्हाला वाटलं होतं, घाण काढणं. वहिनी म्हणाल्या, "त्याचं काय न्हाई वाटत. तात्यांना आंघोळ घालायची लाज वाटती. त्यांना बी, मला बी. ते डोळे मिटून घेतात." सासऱ्याला रोज आंघोळ घालणाऱ्या सुनेची ही अडचण दोन वर्षं त्याच घरात होती. दुसऱ्या दिवसापासून रानात जायच्या आधी दादा आंघोळ घालायला लागला. औषध लागलं नाही, पैसा लागला नाही, योजना लागली नाही.

रागाच्या प्रश्नाला घाबरू नका. दिवसरात्र करणाऱ्या माणसाचा कधी आवाज चढतो, कधी हाताला जोर लागतो. तिनं ते कबूल केलं तर तिथंच तिला झापू नका. ते ऐकून तिची पाळी त्याच दिवशी कमी करा. झापलं तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही आणि आजाऱ्याला तर सांगताच येत नाही.

४. करणारीची स्वतःची तपासणी

जवळचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र पुरे आहे. आशाताईंना सांगितलं तर त्या घेऊन जातात. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, वजन आणि कंबर-पाठ-खांदा बघून घ्या. बीपी १४० बाय ९० च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडं जावंच लागेल. १८० बाय १२० च्या पुढं गेलं आणि डोकं ठणकतंय, छातीत दुखतंय, नजर अंधुक झालीय असं काही असेल तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

मनाचंही विचारा. डॉक्टर सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? उत्तर ‘बरेच दिवस’ असेल तर पुढं तपासायला हवं. ‘टेलीमानस’चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. "मेले तर सुटेन" हे वाक्य आपल्याकडं बोलण्याच्या ओघात येतं म्हणून सोडून देऊ नका. तसं कानावर आलं तर त्या दिवशी तिला एकटं ठेवायचं नाही आणि डॉक्टरांकडं न्यायचं.

वहिनींची बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा नवा घोळ झाला. तात्यांच्या सहा गोळ्या वेळेवर जायच्या, स्वतःची राहायची. शेवटी दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात, शेजारशेजारच्या खणांत ठेवल्या. तात्यांचा खण उघडला की वहिनींना स्वतःचा दिसतोच.

५. हातातलं काम शिकवून घ्या

दवाखान्यातून सुट्टी मिळताना बिलाच्या आणि गाडीच्या गडबडीत हे राहून जातं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात असा, अंबाजोगाईला, लातूरला की नांदेडला विष्णुपुरीत, सुट्टीच्या आदल्या दिवशी सिस्टर आणि फिजिओथेरपिस्टला गाठा आणि जी करणार आहे तिच्याच हातून एकदा करून घ्या. मुलगा शिकतो आणि सून करते, असं होता कामा नये. आमच्याकडं नेमकं तेच झालं. दाखवलेलं सगळं मी मोबाइलमध्ये घेतलं आणि लातूरला घेऊन आलो.

तिला निदान हे यायला हवं:

*उचलणं.* लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. खुर्ची माणसाच्या चांगल्या बाजूला लावायची, चाकं अडकवायची, गुडघे वाकवून अंगाजवळ घेऊन फिरवायचं. खाटेवर वर सरकवायला माणसाखाली आडवी घडी घातलेली चादर ठेवायची आणि दोघांनी दोन्हीकडून ती चादर ओढायची. दोघांनी. एकटीनं नाही.

*कूस.* दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, खुबा, टाच, घोटा रोज उजेडात बघायचं. लाल झालेलं दाबल्यावर फिकट होत नसेल तर तिथून जखम सुरू झाली समजा. त्यावर चोळायचं नाही, तेल रगडायचं नाही. हवेची गादी चांगली, पण गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं. आणि लाइट गेली की ती बसते, हे आमच्याकडं लक्षात ठेवा.

*भरवणं.* आडवं ठेवून घास द्यायचा नाही. बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, चांगल्या गालाच्या बाजूनं. नंतर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. नाकातून नळी असेल तरी डोकं उंच हवंच.

*लघवीची नळी.* पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. नळीला पीळ नको. ताप, गढूळ लघवी, रक्त दिसलं की दवाखाना.

भेटायला येणारे सल्ले देतात, त्याची वेगळी डोकेदुखी. लकव्याला कबुतराचं रक्त लावा असं सांगणारे आमच्याकडं तिघंजण येऊन गेले. न लावल्याचा ठपका वहिनींवर आला. असे सल्ले दारातच घरातल्या पुरुषानं ऐकून घ्यावेत आणि तिथंच संपवावेत.

विसराळूपणाचा आजार असेल तर हिशोब वेगळा. तिथं उचलण्याचे कष्ट कमी आणि डोळ्यात तेल घालून बसणं जास्त. माणूस रात्री दार उघडून चालायला लागतो. कडी वरच्या बाजूला लावा, खिशात नाव-फोनची चिठ्ठी ठेवा. आणि तोच प्रश्न शंभर वेळा ऐकणं हे काम वहीत धरा. मिनिटांत मावत नाही, पण माणूस त्यानंच थकतं.

६. वाटणी: माया नको, पाळी लावा

वही आणि प्रश्नांची उत्तरं घेऊन सगळ्यांना एकदा बसवा. "सगळ्यांनी मदत करायची" असं ठरवाल तर काहीच ठरलं नाही समजा. वहीतला चौथा रकाना वाचून दाखवा आणि प्रत्येक ओळीपुढं नाव लिहा. आमच्याकडं असं ठरलं: आंघोळ दादा. सकाळचं भरवणं आई, तिला गुडघ्यानं बसता येत नाही पण खुर्चीवर बसून चमचा धरता येतो. बुधवार-शनिवारची रात्र दादा. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी, आणि मी येतो तेव्हा वहिनी घरात थांबणार नाहीत. डायपर, औषधं, गादी माझ्याकडं. आक्का वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस.

करणारीचा बुडालेला रोजही मोजा. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, खुरपणी, ज्या दिवसांना ती मजुरीला गेली असती ते दिवस. वहिनी वर्षाला साधारण सत्तर दिवस जायच्या, ते शून्यावर आले होते. हा पैसा कुणाच्याच हिशोबात नव्हता. तेव्हापासून दर महिन्याला एक ठरलेली रक्कम मी त्यांच्या नावच्या खात्यावर टाकतो, दादाच्या नाही. रक्कम लहान आहे. पण मागावी लागत नाही.

बीडकडं, आष्टी-पाटोदा-धारूर पट्ट्यात, ज्या घरातून कोयता, म्हणजे ऊसतोडीला जोडपं, निघतो तिथं हे सगळं उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घ्यायच्या आधी ठरवावं लागतं. दसरा-दिवाळीनंतर जोडपं कारखान्यावर गेलं की उन्हाळा लागेपर्यंत परत नाही. मागं सत्तरीची म्हातारी आणि तिच्यावर पंचाहत्तरीचा म्हातारा. म्हणजे करणारीच करून घ्यायच्या वयाची. जाण्याआधी बघा: चार-पाच महिन्यांच्या गोळ्या कोण आणणार, निराधारचे पैसे बँकेतून कोण काढणार, रात्री म्हातारा पडला तर उचलायला हाकेच्या अंतरावरचं कोणतं घर, त्या घराला तसं सांगितलंय का. आणि बारा-तेरा वर्षांच्या नातीला ‘आजीपाशी सोबत’ म्हणून ठेवत असाल तर सोबत हा शब्द सोडा. वहीत तिचं नाव करणारी म्हणून लिहा, तिच्या शाळेच्या दिवसांसकट. लिहून बघितलं की बहुतेक घरं दुसरी काहीतरी सोय शोधतात.

७. कागद

हे काम करणारीवर टाकू नका. शहरात राहणाऱ्यानं घ्यावं. एकाच फायलीत ठेवा:

- आजाऱ्याचं आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो, मतदान कार्ड
- दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय-सीटीचे रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी
- वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला
- करणारीचं आधार आणि पासबुक

*दिव्यांग प्रमाणपत्र.* स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी डॉक्टरांच्या बोर्डापुढं तपासणी. लकव्यात साधारण सहा महिन्यांनी तपासतात, त्याआधी गेलात तर हेलपाटा होतो. ४० टक्क्यांच्या पुढं पिवळं कार्ड, ८० च्या पुढं निळं. माणूस हलवण्याजोगा नसेल तर आधी एकट्यानं जाऊन रुग्णालयात विचारा. आम्ही तात्यांना जीपमध्ये आडवं घालून नेलं आणि त्या दिवशी बोर्डच नव्हतं. बोर्डाचा वार फोनवर नाही, खिडकीवर जाऊन विचारावा.

*पेन्शन.* तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत अर्ज. संजय गांधी निराधार किंवा ६५ च्या पुढं श्रावणबाळ. रक्कम महिना १,५०० आहे, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ती २,५०० केली. कुटुंबाच्या उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० आहे आणि बहुतेक अर्ज तिथंच अडकतात. पैसे खात्यात येतात, म्हणून आधार त्याच खात्याला जोडलंय का बघा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की पैसे बंद.

*ग्रामपंचायत.* स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं ग्रामसभेनंतर कुणाला आठवत नाही.

*मुख्यमंत्री वयोश्री.* ६५ च्या पुढच्यांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची असल्या साधनांसाठी एकदाच ३,०००.

*दवाखान्याचा खर्च.* महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मानमध्ये ५ लाखांपर्यंतचं कवच, ७० च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वयवंदना कार्ड. मात्र यात भरती झाल्यावरचे उपचार येतात. डायपर, गादी, घरी येणारी बाई यातलं काही येत नाही. योजना आहे म्हणून खर्च नाही, असं धरून बसू नका.

*बँक.* सही करता येत नाही आणि बँकेत आणता येत नाही, अशा खातेदाराला अंगठा उठवून पैसे देता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी. रिझर्व्ह बँकेचा हा नियम आहे. काउंटरवर ‘माणूस घेऊन या’ म्हणाले तर वाद घालू नका, मॅनेजरला लेखी अर्ज द्या. आम्हाला तिसऱ्या अर्जाला माणूस घरी आला.

नोकरदार भावानं जुनी करपद्धत घेतली असेल आणि दिव्यांग आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील तर ७५,००० ची, ८० टक्क्यांच्या पुढं १,२५,००० ची वजावट मिळते. ज्या घरी ती वजावट घेतली जाते तिथं करणारीच्या खात्याचा विषय काढायला हरकत नाही.

भावंडांपैकी कुणी हातच वर करत असेल तर २००७ चा ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढं अर्ज जातो. अर्ज आई-वडिलांचा असतो, त्यांना जमत नसेल तर त्यांनी नेमलेल्या माणसानं करायचा. शक्यतो तिथवर नेऊ नका, पण कायदा आहे एवढं त्या भावाच्या कानावर असू द्या. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन यात वाट दाखवते.

८. सुट्टी

आठवड्यातून एक अर्धा दिवस आणि वर्षातून आठ दिवस. इतकं तरी करणारीचं असावं, आणि ते कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं असावं. "तुला कधी जायचं तेव्हा जा" म्हटलं तर ती जात नाही.

गावात पगारी बाई किंवा गडी ठेवणार असाल तर पहिले चार दिवस करणारीनं बरोबर राहून दाखवावं आणि कामं लिहून भिंतीवर लावावीत. आम्ही गावातलीच एक बाई दिवसा चार तासांसाठी ठेवली. ‘सून असताना बाई कशाला’ असं आधी भावकीत झालं. दादानं वही काढून दाखवली.

वहिनी पहिल्या सुट्टीला माहेरी गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत आल्या. जीव लागेना म्हणाल्या. पुढच्या वेळी चार दिवस राहिल्या. सुट्टी घेण्याचीही सवय लागावी लागते.

कॅन्सरसारख्या दुखण्यात जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना-त्रास हलका करणाऱ्या उपचारांची, विचारणा करा. ती मरणाच्या दारातल्यांसाठीच असते असा समज आहे, तसं नाही. वेदना कमी झाल्या की आजाऱ्याबरोबर करणारीचीही रात्र सुटते.

९. तीन महिन्यांनी पुन्हा

आजार बदलतो, करणारी थकते, पोरांच्या परीक्षा येतात. दर तीन महिन्यांनी एक दिवसाची वही पुन्हा भरा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. मधेच आजाऱ्याला नळी लागली, जखम झाली, पगारी बाई सोडून गेली तर तीन महिने थांबू नका.

माणूस गेल्यावरही एकदा विचारायचं असतं, हे मला उशिरा कळलं. तात्या २०२२ च्या दिवाळीनंतर गेले. तेराव्यानंतर सगळे आपापल्या गावी गेलो. महिन्याभरानं दादा फोनवर म्हणाला, वहिनी अजून रात्री दोनला उठतात, त्या खोलीत जाऊन उभ्या राहतात आणि परत येतात. बीपी पुन्हा वाढलं होतं, गोळ्या बंद केल्या होत्या. तेव्हा पुढचे तीन-चार महिने तपासणी चालू ठेवा, मजुरीला किंवा बचत गटात परत जायला हाताशी राहा. मृत्यूचा दाखला लगेच काढा, तहसीलला कळवून पेन्शन थांबवा, नंतर वसुली निघते.

हवेची गादी आणि खुर्ची आम्ही विकली नाही. गावातच फिरतात, सध्या चौथ्या घरात आहेत. गादीबरोबर मी एक नवी वही देतो, पहिल्या पानावर चार रकाने आखून.